हिरवे पाणी, निवळ पाणी आणि हौदातले मासे

बार्शीटाकळीहून एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती असल्याने येथे त्यांना नुसते ताई म्हणू या. घर बांधताना पाण्याची सोय म्हणून त्यांनी मागच्या अंगणात विटा-सिमेंटचा हौद बांधून घेतला होता. ८ फूट लांब, ५ फूट रुंद, ४ फूट खोल. बांधकाम संपले आणि असे हौद जसे सगळीकडे रिकामे पडून राहतात तसा तोही राहिला. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने सुटीत येऊन त्यात १४ कोई मासे सोडले. लाल, पांढरे, पिवळे. नातवंडे खूश झाली. परंतु दोन महिन्यांत पाणी पालकाच्या रश्श्यासारखे हिरवेगार झाले आणि मासे दिसेनासे झाले.

ताई टापटिपीच्या. दिवाळीच्या आधी त्यांनी संपूर्ण हौद उपसला, ब्लीचिंग पावडर टाकून घासून पांढरा केला, नळाचे ताजे पाणी काठोकाठ भरले आणि बादलीत काढून ठेवलेले मासे परत सोडले. पाणी इतके निवळ की तळाला पडलेली सुई दिसावी. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मासे तरंगत होते. चौथ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्यापर्यंत आणखी चार गेले. ताई विचारतात, "घाणीत जगले आणि स्वच्छतेत मेले, हे कसे?" शेजारच्या बाई म्हणाल्या की घरावरचे संकट माशांनी अंगावर घेतले. आणि सासूबाईंचे म्हणणे वेगळेच. त्या ऐंशीच्या पुढच्या आहेत. लहानपणी विहिरीच्या काठापासून दूर घागर ठेवून, कोणी वरून पाणी ओतील याची वाट पाहत त्यांनी उन्हात तासन्‌तास काढलेले आहेत. हौद नालीत उपसला जात असताना त्या म्हणाल्या, "आमाले घोटभर पानी कोनी देत नव्हतं, अन् तुमी मासोयायसाठी हौदभर पानी सांडता काय?"

या तिन्ही गोष्टींचे उत्तर एकाच ठिकाणी आहे, म्हणून ते जरा सविस्तर देतो.

निवळ पाणी आणि स्वच्छ पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण पाणी डोळ्यांनी पारखतो, मासा ते कल्ल्यांनी पारखतो. मासा जे खातो त्याचा मोठा भाग अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे पाण्यातच टाकतो. गुरांच्या गोठ्यात सकाळी नाकाला झोंबतो तोच हा अमोनिया. पाण्यात विरघळला की त्याला रंग नाही आणि थोड्या प्रमाणात असेल तर वासही नाही. पाणी आरशासारखे दिसते आणि मासा मात्र त्यात जळत असतो.

मग नदी-तलावात मासे जगतात कसे? तेथे दगडांवर, गाळावर, पाणवनस्पतींच्या देठांवर जीवाणूंचा बुळबुळीत थर असतो. त्यातले काही जीवाणू अमोनिया खाऊन त्याचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, त्याने माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते आणि रक्त तपकिरी पडते. दुसऱ्या जातीचे जीवाणू या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट माशाला फारसे बाधत नाही, उलट झाडांना ते खत असते. नायट्रोसोमोनास, नायट्रोबॅक्टर, नायट्रोस्पायरा ही या जीवाणूंची शास्त्रातली नावे. पाठ करण्याची गरज नाही. एवढेच ध्यानात ठेवावे की हौदाची खरी सफाई हेच करतात, आणि नव्या हौदात त्यांची वस्ती पुरेशी वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात.

ताईंच्या हौदाच्या भिंतीवर जो बुळबुळीत थर होता तो हाच. ब्लीचिंग पावडरने तो एका सकाळी मारला गेला. पहिल्या रात्रीचे दोन मासे क्लोरीनने गेले असावेत, कारण क्लोरीन कल्ल्यांची नाजूक कातडी जाळतो आणि त्याचा परिणाम काही तासांत दिसतो. नंतरचे चार अमोनियाने. पाणी भरल्यावर तो रोज थोडा थोडा साचत गेला आणि त्याला खाणारे कोणी उरले नव्हते. मृत्यूच्या तारखा पाहिल्या तरी हेच दिसते. यात संकट कोठून आले आणि कोणी अंगावर घेतले, हे शेजारच्या बाईंना प्रेमाने समजावून सांगावे. माशांची संख्या, त्यांचा रंग, हौदाची दिशा यांवरून घराचे भाग्य सांगणारी पुस्तके बाजारात भरपूर मिळतात. त्या पैशांत अमोनिया तपासण्याच्या थेंबांची बाटली घ्यावी. मत्स्यपालनाच्या दुकानात ती मिळते. काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकले की रंग बदलतो आणि कागदावरच्या रंगपट्टीशी ताडून प्रमाण कळते. आठवीतली नात हे काम आनंदाने करील.

आता हिरव्या पाण्याविषयी. तो हिरवा रंग म्हणजे डोळ्यांना सुटे न दिसणारे एकपेशीय शेवाळ. ऊन आणि खत मिळाले की ते वाढते. खत माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून मिळते, उन्हाला आपल्या वऱ्हाडात तोटा नाही. हे शेवाळ अमोनियाही खाते, म्हणून हिरव्या पाण्यात मासे जगले होते. मात्र ते आपले मित्र आहे असेही समजू नये. दिवसा ते प्राणवायू सोडते, रात्री तेच प्राणवायू ओढते. म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. शिवाय दुपारी शेवाळामुळे पाण्याचा अल्कधर्म वाढतो आणि त्या वेळी तितकाच अमोनिया अधिक विषारी ठरतो.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची आपली जुनी सवय आहे. पुराच्या पाण्यातली माती तिने खाली बसते हे खरे. पण हौदात मासे असताना तुरटी फिरवू नये. तिने पाण्याचा आम्ल-अल्क तोल एकाएकी ढासळतो, आणि खाली बसलेले शेवाळ तळाशी कुजून पुन्हा खतच होते. मोरचूद तर हौदाच्या जवळही नेऊ नये.

हिरवेपणावर उपाय म्हणजे सावली. हौदाच्या निम्म्याहून अधिक भागावर रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी जाळी ताणून बांधावी. एका कोपऱ्यात कुंडीत कमळ किंवा कुमुदिनी लावता येते, पण कोई हा माती उकरणारा मासा आहे. कुंडीतल्या मातीवर मुठीएवढे गोटे रचले नाहीत तर दोन दिवसांत कंद पाण्यावर तरंगताना दिसेल. मनी प्लँटच्या वेली काठावरून मुळे पाण्यात सोडून वाढवल्या तर त्या नायट्रेट ओढून घेतात. अतिनील किरणांचा दिवा बसवलेले यंत्रही मिळते. त्यातून पाणी फिरले की शेवाळ मरते आणि पाणी लवकर निवळते. मात्र अमोनियावर त्याचा काही उपयोग नाही. आधी सावली आणि गाळणी करावी, दिव्याचा खर्च मागाहून.

गाळणी घरी होते. निळ्या प्लास्टिकचे २०० लिटरचे दोन ड्रम घ्यावेत. त्यांत पूर्वी औषध किंवा रसायन नव्हते ना, याची खात्री करून घ्यावी. हौदापेक्षा उंच ओट्यावर ते शेजारी शेजारी ठेवावेत. हौदाच्या तळाशी ठेवलेल्या पंपाने पाणी पहिल्या ड्रमच्या बुडाशी सोडावे. तेथे ते संथपणे वर चढते आणि जड घाण खाली बसते. वरच्या नळीतून ते दुसऱ्या ड्रममध्ये जावे. या ड्रममध्ये जुन्या नायलॉन जाळीचे तुकडे आणि भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या भराव्यात. वाळू नको, ती तुंबते. जीवाणूंना बसायला जागा हवी असते, आणि या जाळ्यांच्या धाग्याधाग्यावर ती भरपूर असते. दुसऱ्या ड्रममधून पाणी फूटभर उंचीवरून हौदात पडू द्यावे. पडताना ते हवा घेऊन जाते.

पहिल्या ड्रमच्या बुडाला तोटी बसवून आठवड्यातून एकदा बादलीभर गाळ सोडावा. दुसरा ड्रम दोन-तीन महिन्यांनी, तोही निम्मा-निम्मा करून, हौदाच्याच पाण्याच्या बादलीत खळबळून घ्यावा. नळाच्या पाण्याखाली धुतला तर दिवाळीचीच गोष्ट पुन्हा घडेल. ज्यांना भांडे घासल्यावर त्यावर बोट फिरवून करकर आवाज ऐकण्याची सवय आहे त्यांना हे जड जाते, पण हौदाची भिंत आणि गाळणीच्या जाळ्या बुळबुळीतच राहिल्या पाहिजेत.

ताईंचा हौद काठोकाठ भरला तर १६० घनफूट, म्हणजे सुमारे ४,५०० लिटर पाणी मावते. ते दोन तासांत एकदा तरी गाळणीतून फिरावे, म्हणजे तासाला अडीच हजार लिटरच्या आसपास पाणी उचलणारा पंप लागेल. कुलरचा छोटा पंप येथे पुरत नाही. ५० वॅटचा पंप चोवीस तास चालला तर दिवसाला सव्वा युनिटच्या आत, महिन्याला ३६ युनिट वीज लागते. खर्चाचा विचार करून रात्री पंप बंद ठेवावासा वाटेल. पण नेमकी रात्रीच त्याची गरज असते. जीवाणूंनाही प्राणवायू लागतो आणि पंप फार वेळ बंद राहिला तर गाळणीतच ते मरू लागतात. वीज गेली तर तांब्याने पाणी घेऊन हातभर उंचीवरून परत ओतत राहावे, मुलांना हे काम आवडते. वीज आल्यावर मात्र मुलांना हौदापासून दूर करावे. पंपाच्या जोडणीला अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच असल्याशिवाय तो पाण्यात उतरवू नये, आणि बटन बंद करून पिन काढल्याशिवाय कोणीही पाण्यात हात घालू नये. कुलरच्या पाण्यात विजेचा धक्का लागून माणसे गेल्याच्या बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात वाचाव्या लागतात.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येऊ. त्यांचा राग बरोबर आहे. साडेचार हजार लिटर पाणी नालीत सोडणे हे नळ रोज न येणाऱ्या घरात कोणालाही पटणार नाही, आणि ज्यांनी पाण्यासाठी अपमान सोसला त्यांना तर मुळीच नाही. परंतु हौद पुरता रिकामा करण्याची गरजच नाही. गाळणी चालू झाली की आठवड्याला दहावा हिस्सा, म्हणजे ४५० लिटर पाणी बदलले तरी पुरते. हे काढलेले पाणी नायट्रेटने भरलेले असते. ते वांगी, मेथी, टोमॅटोच्या वाफ्यांना, शेवग्याला, कढीपत्त्याला द्यावे. परसबागेला पाणी तर एरवीही द्यावेच लागते. तेच पाणी आधी हौदातून फिरून मग वाफ्यात गेले, एवढाच फरक. वेगळे खत कमी लागेल हा नफा. बाष्पीभवनाचे म्हणाल तर मे महिन्यात उघड्या हौदातले पाणी दिवसाला एक सेंटिमीटर तरी उडते. या हौदाच्या मापाने ते ३७ लिटर होते, जाळीच्या सावलीत त्याहून कमी. घरातला मोठा कुलर एका रात्रीत याहून अधिक पाणी पितो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. हा हिशेब सासूबाईंपुढे मांडावा आणि कोणत्या वाफ्याला पाणी सोडायचे हे त्यांच्याकडेच सोपवावे.

पाणी वाफ्यांना जाणार असल्याने हौदात मीठ टाकू नये. माशाला इजा झाली तर त्याला वेगळ्या टबात घेऊन लिटरला ३ ग्रॅम खडे मीठ घालावे आणि ते पाणी झाडांना देऊ नये.

नळाचे नवे पाणी थेट हौदात सोडू नये. उघड्या टाकीत एक दिवस उन्हात ठेवून, मधून मधून ढवळले की क्लोरीन बराचसा उडून जातो. घाई असेल तर हायपो वापरावे. पूर्वी फोटो स्टुडिओत फिल्म धुवायला वापरत तेच हे खडे. साधारण क्लोरीन असलेल्या १,००० लिटर पाण्याला १० ग्रॅम पुरतात.

उन्हाळा हा या माशाचा वैरी आहे. कोई हा थंड मुलखातला. जपानच्या निगाता प्रांतात डोंगराळ भागातले भातशेतकरी हिवाळ्याच्या अन्नाची सोय म्हणून कार्प मासे पाळत. एकोणिसाव्या शतकात त्यांतलेच काही रंगीत निपजले आणि त्यांची निगराणी सुरू झाली. १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात ते मांडले गेले तेव्हा कोठे बाहेरच्या जगाला माहीत झाले. आज लाखोंच्या किमतीला विकला जाणारा हा मासा मुळात गरिबाच्या ताटातला आहे. (कोई म्हणजे जपानीत कार्प. आंब्याच्या कोयीशी त्याचा संबंध नाही, नातवंडे विचारतील म्हणून सांगितले.) आपल्याकडे तलावांतून 'सिप्रिनस' नावाने जो मासा बाजारात येतो तो याचाच भाऊबंद.

अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जाणे आपल्याला नवे नाही. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३५ अंशांना ७ च्या आत. माशाला मात्र उष्णतेत अधिक प्राणवायू लागतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये जाळी दुहेरी करावी, हौद काठापर्यंत भरलेला ठेवावा आणि खाद्य भर दुपारी न देता सकाळी द्यावे. तीन-चार मिनिटांत संपेल इतकेच. पोळीचे तुकडे, भात, मुरमुरे घालणे बंद. पाहुणा आला की मुले मूठमूठ खाऊ टाकतात, आणि त्यातला अर्धा तळाशी कुजतो. मासे उपाशी राहून फारसे मरत नाहीत, जास्त खाऊ घातल्याने हमखास मरतात. गाळणी नवी असताना पहिले सहा आठवडे तर एक दिवसाआड खाद्य पुरे, आणि थेंबांच्या तपासणीत अमोनिया दिसला तर चौथा हिस्सा पाणी त्याच दिवशी बदलावे.

शेतकरी कुटुंबांनी आणखी एक जपावे. कपाशी-तुरीवर फवारणी करून आलेला पंप अंगणात धुऊ नये. सायपरमेथ्रीनसारखी औषधे माणसापेक्षा माशाला कितीतरी अधिक घातक असतात. बोटे बुडवण्याएवढाही अंश हौदात गेला तर सगळे मासे जाऊ शकतात. फवारणीचे कपडे हौदाच्या काठावर वाळत घालू नयेत. डासांसाठी धूरफवारणीची गाडी येणार असेल तेव्हा हौद झाकावा.

डासांबद्दल ताईंनी विचारलेले नाही, तरी शेजारी विचारतील. मासे असलेल्या, हलत्या पाण्याच्या हौदात डासांच्या अळ्या टिकत नाहीत, मासे त्या खातात. धोका आहे तो बाजूला पडलेल्या रिकाम्या ड्रममध्ये, कुंडीखालच्या ताटलीत आणि कुलरच्या टाकीत. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून अशी भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करावीत. नळाचे पाणी मुरवायला ठेवलेली टाकीही बारीक जाळीने झाकावी.

शेवटी संख्या. एका कोईला हजार लिटर पाणी असावे असा अनुभवी लोकांचा ठोकताळा आहे. हा मासा दोन फुटांपर्यंत वाढतो आणि नीट ठेवला तर पंचवीस-तीस वर्षे जगतो. विकत घेताना बोटाएवढा दिसतो म्हणून आपण फसतो. ताईंच्या हौदात चार, फार तर पाच मासे राहावेत. आज आठ आहेत. उरलेले तीन-चार नदीत किंवा महानच्या धरणात सोडावेत काय, असे त्यांनी पत्राच्या शेवटच्या ओळीत विचारले आहे. मुक्या जीवाला मोकळे करावे ही त्यामागची भावना चांगली आहे. पण सोडू नयेत. तळ उकरून पाणी गढूळ करण्याची या माशाची सवय तेथल्या कटला, रोहू, मृगळ यांना आणि त्यांवर पोट भरणाऱ्या मासेमारांना त्रासाची ठरते, आणि घरच्या माशाबरोबर आलेला रोग साऱ्या जलाशयात पसरू शकतो. लाल-पांढरा मासा बगळ्यालाही चटकन दिसतो, तेव्हा त्याचीही सुटका होत नाही. मोठा हौद असलेल्या एखाद्या शाळेला किंवा ओळखीच्या घरी ते द्यावेत, नाहीतर दुकानदार परत घेतो का पाहावे.

नेताना आदल्या दिवशी खाद्य देऊ नये. सकाळच्या गारव्यात मोठ्या पिशवीत एक हिस्सा पाणी आणि दोन हिस्से हवा ठेवून न्यावेत. नव्या ठिकाणी पिशवी वीस मिनिटे पाण्यावर तशीच तरंगत ठेवून मग सोडावी. ताई, ड्रम बसवल्यावर सहा आठवड्यांनी अमोनिया किती उतरला ते लिहा, आणि सासूबाईंनी वाफ्यात काय लावले तेही.